एमसीबीवरचा व्होल्टेजचा आकडा: या चुका टाळा

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) घेताना बहुतेकांची नजर 'सी १६' वर थांबते. सोळा अँपिअर, विषय संपला! त्याखाली बारीक अक्षरात '२३०/४००' छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. वाचलं तरी अर्थ भलताच लावतात.

नेहमीचा गैरसमज म्हणजे व्होल्टेज २३०च्या वर गेलं की एमसीबी पडेल. नाही पडणार. तो पडतो करंट वाढल्यावर. न्यूट्रल तुटून घरात ३०० व्होल्ट शिरले, तर फ्रिज-टीव्ही जळतील आणि एमसीबी खुशाल चालू राहील. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा लावावा लागतो. छापलेला आकडा ही वरची मर्यादा आहे: तेवढ्या व्होल्टेजपर्यंतच हा एमसीबी आतली ठिणगी विझवून सर्किट तोडू शकतो.

तिरप्या रेघेचा अर्थही समजून घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये २३० आणि दोन फेजमध्ये ४००, अशा सप्लायसाठी तो आहे. एकट्या पोलने (म्हणजे एकाच वायरीच्या स्विचने) ४०० व्होल्ट तोडावेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि चौकोनातले ६००० हे व्होल्ट नव्हेत; शॉर्ट सर्किटचा तेवढे अँपिअर करंट तो तोडू शकतो.

सगळ्यांत घातक चूक सोलरवाले करतात: घरातला साधा एमसीबी पॅनलच्या डीसी लाइनवर. आकड्याशेजारची '~' ही खूण एसीची आहे. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही. दांडी खाली पडलेली दिसते, आत मात्र आर्क (म्हणजे तीच ठिणगी) पेटलेलाच राहतो आणि एमसीबी वितळतो. तिथे डीसी एमसीबीच हवा, तोही पॅनलच्या ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा (काहीही जोडलेलं नसताना मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा) जास्त रेटिंगचा. थंडीत हे व्होल्टेज वाढतं, तेव्हा काठावरचं रेटिंग नको. काही डीसी एमसीबींवर + आणि – छापलेलं असतं. त्यांत वायर उलटी जोडली तर आर्क विझवण्याची व्यवस्थाच कोलमडते.

पंप सुरू केला की एमसीबी पडतो? लगेच ३२ अँपिअरचा बसवू नका, वायर तापेल. व्होल्टेज कमी असलं की मोटर जास्त करंट ओढते. इलेक्ट्रिशियनकडून पंप चालू असतानाच व्होल्टेज मोजून घ्या. बंद असताना ते बऱ्याचदा ठीकच दिसतं.