पट्टी, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन एल-१ शोधा

आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि माझ्या अकरावी-बारावीच्या वर्गात एकच वाक्य सारखं कानावर यायला लागलं: 'मॅडम, एल-१ म्हणजे जिथे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ सारखी होते ती जागा ना?' पेपरात तसंच छापून आलं होतं, टीव्हीवरही तेच. वाक्य सुटसुटीत आहे, पटकन पाठ होतं, आणि चुकीचं आहे. पण मी चूक म्हटलं म्हणून कुणाला पटत नाही. स्वतः आकडेमोड केली की अर्ध्या तासात पटतं. म्हणून ही कृती. गणित दहावीपर्यंतचं पुरतं.

सामान: शिंप्याची टेप किंवा एक मीटरची पट्टी, बारीक टोकाचं पेन, लांब कागद (कॅलेंडरची जुनी पानं पाठकोऱ्या बाजूने चिकटवली तरी चालतील) आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

आधी चित्र मापात काढा

पुस्तकातली आकृती पाच मिनिटं विसरा. सूर्य, पृथ्वी आणि एल-१ ते एल-५ हे पाच ठिपके (गणितज्ञ लग्रांज यांच्या नावावरून 'एल'; पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरणाऱ्या पाच जागा) एका पानात कोंबायचे म्हटल्यावर माप राहतंच कुठे? आपण प्रमाण घेऊ: सूर्य ते पृथ्वी हे १४.९६ कोटी किमी अंतर म्हणजे कागदावर १ मीटर. मग १ मिमी झाला साधारण दीड लाख किमी.

एका टोकाला ९ मिमी व्यासाचं वर्तुळ काढा, हा सूर्य. एक मीटरवर पेन हलकेच टेकवा, ही पृथ्वी. खरं तर तुमचा ठिपका फारच मोठा पडला. या मापात पृथ्वी ०.०८५ मिमी आहे, आणि साध्या बॉलपेनचा ठिपका त्याच्या सहापट तरी असतो. पृथ्वीपासून अडीच मिमीच्या जरा पुढे चंद्राची खूण करा. आता पृथ्वीकडून सूर्याच्या दिशेला बरोबर १ सेंटिमीटर मोजा आणि तिथे फुली मारा. ही एल-१. तेवढीच सूर्याच्या उलट बाजूला मारा, ती एल-२.

वर्गात इथे नेहमी कुणीतरी म्हणतं, 'एवढ्या जवळ?' हो, एवढ्याच जवळ. पंधरा लाख किमी ऐकायला प्रचंड वाटतं, पण सूर्याकडे जाणाऱ्या वाटेचा तो शंभरावा भाग आहे. आदित्य सूर्याजवळ वगैरे गेलेलं नाही. ते आपल्याच अंगणात उभं राहून सूर्याकडे बघतं आहे.

पेपरातलं वाक्य तपासा

सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे दोघांची ओढ सारखी हवी असेल, तर सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीपासूनच्या अंतराच्या √३,३३,००० पट, म्हणजे ५७७ पट पाहिजे. १४.९६ कोटीला ५७८ने भागा (५७७ भाग सूर्याकडचे, एक आपल्याकडचा). उत्तर येतं सुमारे २.५९ लाख किमी.

कागदावर हे पावणेदोन मिमीच्या आसपास. चंद्राच्याही अलीकडे! एल-१ची फुली तर १० मिमीवर आहे. तेव्हा 'ओढ सारखी' असलेली जागा आणि एल-१ यांचा काही संबंध नाही.

आता चौकस पोरं दुसरा प्रश्न विचारतातच, आणि विचारायलाच हवा. चंद्र त्या २.५९ लाखाच्या पलीकडे आहे, म्हणजे चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीपेक्षा जास्त. खरंच आहे, दुपटीहून जास्त आहे. मग चंद्र सूर्याकडे निघून का जात नाही? कारण सूर्य पृथ्वीलाही तितकंच ओढतो आहे. दोघं मिळून सूर्याभोवती फिरताहेत. कोण किती ओढतं एवढं पाहून भागत नाही. त्या ओढीतली फिरण्यात किती खर्च होते, तेही पाहावं लागतं. एल-१चं सगळं गुपित या हिशेबात आहे.

खरा हिशेब

ग्रह सूर्याच्या जितका जवळ, तितकं त्याचं वर्ष लहान. शुक्राचं वर्ष २२५ दिवसांचं. मग पृथ्वीपेक्षा एक टक्का आत सोडलेलं यान एकटं असतं, तर त्याचं वर्ष सुमारे ३६० दिवसांत संपलं असतं आणि ते दरवर्षी पृथ्वीच्या पुढे पुढे पळालं असतं. पण पाठीमागून पृथ्वी त्याला उलट्या बाजूला थोडं ओढते. सूर्याची ओढ तेवढी हलकी पडते, यान रेंगाळतं आणि त्याचंही वर्ष ३६५ दिवसांचं होतं. जिथे हे वर्ष पृथ्वीच्या वर्षाशी तंतोतंत जुळतं, ती जागा एल-१.

कॅल्क्युलेटर घ्या. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याची ओढ ५.९३ मिमी प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण देते. एक टक्का आत आलं की ते ०.९९च्या वर्गाने भागायचं: ६.०५. त्या अंतरावर पृथ्वीच्याच वेगाने, म्हणजे वर्षात एक फेरी मारायला लागणारं त्वरण अंतराच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ५.९३ गुणिले ०.९९: ५.८७. सूर्य ०.१८ने जास्त ओढतो आहे. हे ०.१८ कोण कापणार? पंधरा लाख किमीवरून पृथ्वी किती ओढते ते काढा. पृथ्वीचं जीएम (गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान) ३.९८६ × १०^१४ घ्या आणि मीटरमधल्या अंतराच्या, म्हणजे १.४९६ × १०^९च्या वर्गाने भागा. उत्तर ०.१७८ मिमी प्रति सेकंद वर्ग. जुळलं.

हे जुळतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो, त्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते.

सूत्र पाठ करायचं नसेल तर इथूनच बनवता येतं. एक टक्का आत आलो तेव्हा ओढ दोन टक्क्यांनी वाढली आणि गरज एक टक्क्याने घटली, म्हणजे तफावत तीन टक्के. अंतराचा जितका भाग आत, त्याच्या तिप्पट तफावत. ती पृथ्वीने भरून काढायची, आणि पृथ्वीची ओढ त्याच भागाच्या वर्गाने कमी होते. तेव्हा वस्तुमानांच्या गुणोत्तराला तिनाने गुणा, घनमूळ काढा आणि मुख्य अंतराला त्याने भागा. ३,३३,००० गुणिले ३ म्हणजे जवळपास दहा लाख, आणि दहा लाखांचं घनमूळ शंभर. निव्वळ योगायोग, पण परीक्षेत फार सोयीचा.

पृथ्वी-चंद्राच्या जोडीसाठी करून बघा. गुणोत्तर ८१.३, त्याची तिप्पट २४४, घनमूळ सव्वासहा. ३,८४,४०० भागिले ६.२५ म्हणजे साधारण ६१,५०० किमी. इथे चंद्र पृथ्वीच्या मानाने बराच जड असल्यामुळे सूत्र थोडं ढिलं पडतं. खरे आकडे आतल्या बाजूला ५८,००० आणि बाहेरच्या बाजूला ६४,५००च्या आसपास आहेत.

एल-२चा हिशेब तुम्हीच उलटा करा: बाहेर सूर्याची ओढ कमी पडते, आणि पृथ्वी त्याच बाजूने मदत करते. एल-३ सूर्याच्या पार पलीकडे आहे. त्याचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही, आपणही पुढे जाऊ.

फुलीवर यान का ठेवत नाहीत

दोन कारणं. पहिलं, एल-१ची जागा खिंडीसारखी आहे: आडव्या बाजूंना चढ, पण सूर्य-पृथ्वीच्या रेषेवर दोन्हीकडे उतार. जरा सरकलं की घसरण सुरू, आणि जागेपासून झालेली चूक सुमारे २३ दिवसांत पावणेतीनपट होते. म्हणून अधूनमधून इंजिन किंचित चालवून यान जागेवर आणावं लागतं. आदित्य ६ जानेवारी २०२४ला आपल्या कक्षेत बसलं, २ जुलैला पहिली फेरी पूर्ण केली, आणि या १७८ दिवसांच्या फेरीत २२ फेब्रुवारी, ७ जून आणि २ जुलै अशी तीनदा डागडुजी झाली.

दुसरं कारण, बरोबर फुलीवर बसलेलं यान पृथ्वीवरून सूर्याच्या बिंबावरच दिसेल. सूर्य स्वतः रेडिओलहरींचा गोंगाट करतो, त्यात यानाचा संदेश ऐकू येणार नाही. म्हणून बिंदूभोवती फिरत राहायचं. या फेऱ्यांना हेलो कक्षा म्हणतात. १९७८मध्ये उडालेलं आयसी-३ हे अशा कक्षेत गेलेलं पहिलं यान. आदित्यची कक्षा बिंदूपासून आडव्या बाजूला ६,६३,२०० किमीपर्यंत जाते. आपल्या कागदावर फुलीच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार मिमी घेऊन लंबगोल काढा. रुंदी ९ मिमी झाली, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या वर्तुळाएवढी! यान 'बिंदूवर' आहे असं म्हणताना हा लंबगोल डोळ्यापुढे असावा.

एल-२ला भानगड वेगळी. तिथून पृथ्वी किती मोठी दिसते? १२,७४२ भागिले १४,९६,०००: ०.००८५. सूर्य? १३,९२,००० भागिले १५.११ कोटी: ०.००९२. म्हणजे पृथ्वी सूर्याला पुरतं झाकत नाही, पण बिंबाचा ८५ टक्के भाग खाऊन टाकते. सौरपट्ट्यांचे हाल. म्हणून जेम्स वेब दुर्बीणही त्या सावलीपासून लांब, मोठी कक्षा धरून फिरते. तिला एल-२ हवा होता तो सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एका अंगाला राहतात म्हणून. एका पाच पदरी पडद्याने तिघांनाही थोपवता येतं.

वेबच्या प्रवासातली एक गोष्ट मला फार आवडते. तिला ठरवून थोडा कमी जोर दिला होता. तिची इंजिनं पडद्याच्या उन्हाकडच्या बाजूलाच, म्हणजे ती फक्त पुढे ढकलू शकतात. वेग जास्त झाला असता, तर ब्रेक लावायला अख्खी दुर्बीण उन्हाकडे वळवावी लागली असती, आणि ते तिला परवडणारं नव्हतं.

गच्चीवरून दिशा कशी ओळखायची

कॅलेंडर किंवा पंचांगात सूर्य कोणत्या राशीत आहे ते पाहा. बस, एवढंच. एल-२ सूर्याच्या समोर, म्हणजे सातव्या राशीत. पौर्णिमेचा चंद्र जिकडे असतो साधारण तिकडेच. आमच्या साताऱ्यात तो भाग सर्वांत वर येतो रात्री बाराला नाही, तर साडेबाराच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७४वर, त्यामुळे ३४ मिनिटं मागे. महिन्यानुसार पंधरा मिनिटं पुढेमागे होतात.

एल-४ आणि एल-५ पृथ्वीच्याच कक्षेत ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे. ६० अंश म्हणजे दोन राशी. सूर्य तुळेत असेल तर एल-४ सिंहेकडे, पहाटे सूर्योदयाआधी. एल-५ धनूकडे, संध्याकाळी. अंश मोजायला हात लांब करून मूठ धरा: एक मूठ साधारण दहा अंश, सूर्यापासून सहा मुठी. डोळ्यांना तिथे काहीही दिसणार नाही, हे पोरांना आधीच सांगा, नाहीतर हिरमुसतात. पृथ्वीच्या एल-४ भागात २०१० टीके७ नावाचा लघुग्रह सापडला आहे, पण तो फार मंद. गुरूच्या या जागांवर मात्र दहा हजारांहून अधिक लघुग्रह माहीत आहेत. पहिला, अकिलीस, माक्स वोल्फ यांना १९०६मध्ये सापडला. लग्रांज यांनी कागदावर ही जागा १७७२मध्येच काढून ठेवली होती.

एल-४ आणि एल-५ला खिंडीची अडचण नाही. दोन वस्तुमानांत निदान २५ पटींचा फरक असला की तिथली वस्तू भटकली तरी फिरून परत येते. मग सगळी यानं तिकडेच का नेत नाहीत? कागदावर कंपास ठेवून एक मीटरचा समभुज त्रिकोण काढा. एल-१ एक सेंटिमीटरवर, एल-५ पुरा एक मीटर. संदेश एल-१हून पाच सेकंदांत येतो, एल-५हून आठ मिनिटांहून जास्त लागतात.

तरी एल-५चा एक फायदा आहे, आणि तोही मोजता येतो. पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती सुमारे २७ दिवसांत फिरतो. ६० अंश फिरायला त्याला साडेचार दिवस लागतात. आज एल-५समोर आलेला सौरडाग साडेचार दिवसांनी आपल्यासमोर येणार. एल-१वरच्या यानाला सौरवाऱ्याची झुळूक आपल्याआधी तासभर लागते (पंधरा लाख भागिले ४०० किमी प्रति सेकंद, करून बघा), आणि मोठ्या उद्रेकात तर वीस मिनिटंही मिळत नाहीत. युरोपीय अवकाश संस्था व्हिजिल हे यान एल-५ला पाठवायच्या तयारीत आहे, ते या साडेचार दिवसांसाठी.