फ्लाय अॅश ब्लॉकची भिंत कशी बांधावी

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस इथल्या वीज केंद्रांची राख, म्हणजेच फ्लाय अॅश, जवळच असल्यामुळे विदर्भात तिचे ब्लॉक आता खेड्यातही सहज मिळतात. भिंत तडकली की लोक ब्लॉकला नावं ठेवतात. बहुतेक वेळा खरं कारण वेगळंच असतं: गवंडी ब्लॉक लाल विटेसारखा वापरतो.

ब्लॉक 28 दिवसांचा झालेलाच घ्या. ताजा ब्लॉक भिंतीत बसल्यावर वाळतो, आकसतो आणि सांध्यातून चीर पडते. गाडी उतरवताना दोन ब्लॉक एकमेकांवर ठोका. आवाज खणखणीत आला पाहिजे. शंका असेल तर एक कोरडा ब्लॉक तोला, 24 तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर तो माल परत करा. ढीग जमिनीला टेकवू नका, आणि पावसाळ्यात ताडपत्री टाका.

सांध्यासह 400 × 200 × 200 मिमीचा ब्लॉक धरला तर 10 फूट × 10 फूट भिंतीला सुमारे 116 लागतात. तुटफूट धरून 122 मागवा.

काळ्या मातीत जोत्यावर आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा टाकल्याशिवाय भिंत उचलू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते.

मसाला 1:6. सिमेंटचं एक पोतं म्हणजे 35 लिटर. त्याच मापाच्या फर्म्याने (मोजायच्या पेटीने) सहा मापं चाळलेली रेती घ्या. वर दिलेल्या भिंतीला साधारण एक ते सव्वा पोतं सिमेंट पुरतं. जास्त सिमेंट घातल्याने भिंत पक्की होत नाही. मसाला ब्लॉकपेक्षा कडक झाला तर चीर सांधा सोडून थेट ब्लॉकमधून जाते. कालवलेला मसाला तासाभरात संपवा, घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी ओतू नका.

आधी पहिला थर कोरडाच मांडून पाहा. मग दोन्ही टोकांचे ब्लॉक पाणीनळीने समपातळीत बसवा, दोरी ताणा आणि मधले भरत जा. ब्लॉक हौदात भिजवायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात फक्त वरच्या पृष्ठभागावर ब्रशने पाणी फिरवा. सांधा 10 मिमी ठेवा, आणि उभा सांधाही पूर्ण भरा. गवंडी घाईत तिथे फक्त तोंडावर मसाला लावतो, मग पावसाचं पाणी आत झिरपतं. वरच्या थराचा सांधा खालच्या ब्लॉकच्या मधोमध यावा. अर्धा ब्लॉक हवा असेल तर कटरने कापा. दर दोन थरांनी ओळंबा लावा.

एका दिवसात पाच-सहा थरच, म्हणजे एक ते सव्वा मीटर. लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना किमान 200 मिमी भिंतीवर टेकवा.

सात दिवस हलकं पाणी शिंपडा. भिंत नीट वाळल्यावरच प्लास्टर करा. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे आधी कोंबडीजाळी ठोका. वायरिंगची झिरी उभी कापा, आडवी कापू नका.