गाडीचा बेल्ट आवाज करू लागला तर: कारण कसे शोधावे, दुरुस्ती कशी करावी

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून कानात घुसणारा चिरका आवाज येतो आणि थोड्याच वेळात तो आपोआप थांबतो, हा अनुभव पुष्कळ गाडीमालकांना असतो. स्टार्टरने बॅटरीतील बराच करंट ओढलेला असल्याने त्या क्षणी अल्टरनेटरवर (वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर) चार्जिंगचा मोठा भार पडतो, त्यातच बेल्ट दमट असतो, आणि ताण पुरेसा नसेल तर तो पुलीवरून घसरू लागतो. बहुतेक मोटारींत रेडिएटरचा पंखा आता विजेवर चालत असला, तरी गॅरेजमध्ये या बेल्टला अजूनही फॅनबेल्टच म्हणतात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून फिरणारा हा बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही चालवतो. कव्हरच्या आत बसणारा टायमिंग बेल्ट निराळा असून त्याला पुढील कोणतीही कृती लागू होत नाही.

माझ्या गाडीचा बेल्ट एका गॅरेजने सहा महिन्यांत दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांत आवाज परत आला. शेवटी मी स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिले, तेव्हा पाण्याच्या पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) हिरवट पांढरा ओघळ दिसला आणि बेल्टची एक कड बोटाला चिकट लागली. पंपाचे सील गेले होते आणि थेंबथेंब गळणारे कूलंट प्रत्येक नव्या बेल्टवर पडत होते. म्हणून माझा आग्रह आहे की, कारण सापडेपर्यंत बेल्ट बदलू नये आणि ताणूही नये.

सुरुवात आवाज नीट ऐकण्यापासून करावी. सलग, लांब चिरका आवाज हेडलाइट, ब्लोअर आणि एसी एकदम लावल्यावर, किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर वाढत असेल, तर बेल्ट घसरत आहे असे समजावे. चिमणीच्या चिवचिवाटासारखा तुटक आवाज येत असेल आणि इंजिनच्या वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक असते. भाराशी फारसा संबंध नसलेली सततची घरघर मात्र बहुधा बेअरिंगची असते.

ही शंका पक्की करण्यासाठी पाण्याची साधी चाचणी पुरते. ओढणी, सैल बाह्या, घड्याळ, साखळी असे काहीही बेल्टजवळ जाणार नाही याची खात्री करून इंजिन सुरू ठेवावे आणि स्प्रेच्या बाटलीने, हात पूर्ण लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. काही सेकंद बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर पुल्यांच्या रेषेत दोष आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळावे.

यानंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून, बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. इंजिन गार झाल्यावर बेल्ट हाताने उलटवून पाहावा. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला आडव्या भेगा पडत आणि झीज लगेच लक्षात येई. सध्याचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत. ते टायरप्रमाणे झिजतात, खाचा रुंद होत जातात आणि पुलीचे कंगोरे खाचेच्या तळाला टेकू लागतात. त्यामुळे ‘भेगा नाहीत, बेल्ट चांगला आहे’ हा निष्कर्ष फसवा असतो. खाचांच्या बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील, कडेचे दोरे सुटले असतील किंवा रबर तेलाने फुगले असेल, तर बेल्ट बदलावाच, पण तेल किंवा कूलंटची गळती आधी बंद करावी.

बेल्ट काढण्यापूर्वी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा फोटो अवश्य घ्यावा. बेल्ट उतरल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवावी व हलवून पाहावी. आयडलरची, म्हणजे बेल्टला फक्त वाट देणारी, पुली खरखरत असेल किंवा डुगडुगत असेल, तर तिचे बेअरिंग गेले आहे. स्वयंचलित टेन्शनरचा (स्प्रिंगने बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) दांडा पान्याने फिरवताना अडखळता कामा नये आणि सोडल्यावर तो जोराने मागे आला पाहिजे. सरळ पोलादी पट्टी पुल्यांच्या तोंडांना लावली, की रेषेतला फरक दिसतो.

नवा बेल्ट जुन्यावरील क्रमांक जुळवूनच घ्यावा. उदाहरणार्थ, ६पीके१७५० म्हणजे सहा कंगोरे आणि १७५० मिलिमीटर लांबी. बसवण्यापूर्वी पुल्यांच्या खाचांतील रबराचा चुरा कोरड्या ब्रशने काढावा. बसवताना बेल्ट एक खाच बाजूला सरकून बसणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून प्रत्येक पुलीवर बोट फिरवून तपासावे. टेन्शनर स्वयंचलित नसेल, तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून ताण द्यावा लागतो आणि लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबून तो पाहतात; बेल्ट किती दबावा याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. आवाजाच्या धास्तीने बेल्ट जास्त ताणल्यास अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग खराब होते. ज्या इंजिनांत टेन्शनरच नसतो आणि स्वतः ताणणारा लवचिक बेल्ट असतो, तेथे खास हत्यार लागते. ते काम गॅरेजला द्यावे.

बेल्टवर मारायचा स्प्रे मी कधीच सुचवणार नाही. आवाज काही दिवस दबतो, पण चिकट थरावर धूळ बसते आणि मूळ दोष तसाच राहतो. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल आणि बेल्ट वाटेत तुटला, तर इंजिन काही मिनिटांत तापते. बॅटरीचा दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

काम झाल्यावर बॅटरीची तार जोडून इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, नंतर ते बंद करून हाताने दिलेला ताण पुन्हा तपासावा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या थंड गाडीवर, हेडलाइट आणि ब्लोअर लावून घ्यावी.