वस्तीत आरोग्याचं काम सुरू करताना : पहिले तीन महिने

नवा कार्यकर्ता बहुधा तक्ते आणि भाषण घेऊनच वस्तीत शिरतो. पहिले चार-पाच आठवडे दोन्ही बाजूला ठेवा आणि नुसते फिरा. सकाळी, दुपारी, रात्री आठनंतर, अशा तिन्ही वेळांना. कारण दुपारी दार उघडणारी माणसं वेगळी आणि रात्रीची वेगळी. पंधरा-वीस घरांत एकच प्रश्न विचारा : ‘मध्यरात्री घरात कुणी आजारी पडलं तर शेजारच्या कुणाला उठवता?’ एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या घरांतून जी दोन-तीन नावं पुन्हापुन्हा येतात, त्यांच्याशी आधी बोला. पुढाऱ्यांना भेटावं लागतंच. पण फक्त त्यांच्याबरोबर हिंडलात तर तुम्ही त्यांच्या गटाचे ठरता, आणि तो शिक्का सहजी पुसला जात नाही.

वहीत तीन रकाने आखा : कुणी काय विचारलं, आपण काय कबूल केलं, कधीपर्यंत. ‘बघतो’ म्हणू नका. ऐकणारा त्याला होकारच समजतो.

बैठकीला सहा ते आठ जण आणि तास-दीड तास पुरे. माणसं वाढली की दोघं-तिघंच बोलतात. आधी कुठला प्रश्न घ्यायचा हे ठरवायला प्रत्येकाला तीन बिया द्या, वस्तीतल्या प्रश्नांची चित्रं लावलेल्या बंद डब्यांत टाकायला सांगा. हात वर करून मत घेतलं तर मोठ्या आवाजाच्या माणसाचंच मत सगळ्यांचं होतं. तुम्ही रक्तदाबासाठी आला असाल आणि बिया तुंबलेल्या गटाराच्या डब्यात पडल्या, तर गटारापासून सुरुवात करा. निदान अर्ज लिहून पाठपुरावा तरी. अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली मांडलेल्या लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत माहिती देणं तिसऱ्या पायरीवर आहे, मत विचारणं चौथ्या. बरेच उपक्रम तिथंच थांबतात आणि अहवालात ‘लोकसहभाग’ लिहून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त विश्वास तपासणी शिबिरात जातो. जिना चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजला, हात लोंबता ठेवला किंवा दंडाला पट्टा लहान पडला, तर आकडा जास्त येतो. मग तो दुसरीकडे मोजून घेतो, तिथं ठीक निघतो, आणि ‘यांचं यंत्र खोटं’ ही बातमी वस्तीभर होते. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेका, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणं बंद. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० किंवा वर आलं तरी एका दिवसावरून निदान सांगू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं किंवा धाप असेल तर मात्र थेट रुग्णालय. आकडा रांगेसमोर मोठ्याने वाचू नका, चिठ्ठीवर द्या. पुढे कुठं पाठवायचं हे ठरलेलं नसेल तर शिबिरच पुढे ढकला.

गोळा केलेली माहिती वरिष्ठांच्या आधी वस्तीला दाखवा, दोन-तीन आठवड्यांत. एखाद्या आजाराचे चार-पाचच जण असतील तर तो आकडा वेगळा लावू नका. लोक माणूस ओळखतात. स्वयंसेवकांचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज आधीच ठरवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात ज्यांना परवडतं तेच उरतात.

हजेरीपटावर फार जाऊ नका. काही वाटायचं असलं की गर्दी होतेच. कुणी तुमच्या तोंडावर ‘मागच्या वेळी चुकलं तुमचं’ म्हणालं, किंवा तुम्ही नसताना बैठक झाली, तर त्याची नोंद तारखेसकट करा.