मरळीच्या गाभोळीवर एन्झाइमचं काम करायचंय? आधी कॅलेंडर बघा

पीएचडीला मी मरळीच्या अंडाशयातलं फॉस्फटेज (फॉस्फेट तोडून सुटं करणारं एन्झाइम, अल्कलाइन आणि ॲसिड असे त्याचे दोन प्रकार) वेगवेगळ्या महिन्यांत मोजत होते. पहिल्या वर्षी माझे जुलैचे सगळे सॅम्पल गेले. शनिवारी रात्री लाईट गेली ती रविवारी संध्याकाळी आली, सोमवारी डीप फ्रीझ उघडला तर ट्यूबा पाण्यात आडव्या पडलेल्या. मरळ पावसाळ्यात अंडी घालते, त्यामुळे जुलै हुकला की पुढच्या जुलैपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून नवीन मुलांना पहिलं हेच सांगते, जानेवारी-फेब्रुवारीतच पद्धत पक्की करून घ्या आणि प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा.

मरळ घेण्याचा फायदा असा की ती हवेतनंही श्वास घेते, बाजारात ओल्या पाटीत बराच वेळ जिवंत राहते, लॅबपर्यंत जिवंत नेता येते. मेलेला मासा घेऊच नका, एन्झाइम कधीपासून उतरायला लागलं ते कळत नाही. आमच्या मासेवाल्या मावशी पोटावरून बोट फिरवून सांगायच्या, "हिला गाभोळी भरलीय, ही ने," आणि क्वचितच चुकायच्या. तरी वजन कराच. अंडाशयाचं वजन भागिले माशाचं वजन गुणिले १००, हा झाला जीएसआय (गोनॅडोसोमॅटिक इंडेक्स), म्हणजे अंडाशय किती भरलंय त्याचा आकडा. महिन्याच्या नावापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा, पाऊस लांबला की एकाच पाटीत एक भरलेली निघते आणि एक अजून अर्धी कच्ची.

होमोजेनेटसाठी (अंडाशय वाटून केलेल्या द्रावणासाठी) फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घेऊ नका, फॉस्फेटनेच फॉस्फटेज दबतं. ईडीटीए पण नको, अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम तो ओढून घेतो. ट्रिस बफर घ्या, सगळं बर्फात. पीएनपीपी (फॉस्फटेजने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) टाकलं की अल्कलाइनची ट्यूब डोळ्यांदेखत पिवळी होते, ॲसिडची मात्र होत नाही. पहिल्यांदा मी घाबरले होते, पण ॲसिड पीएचला तो रंग दिसतच नाही, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की लगेच उमटतो, मग ४०५ नॅनोमीटरला रीडिंग. भरलेल्या गाभोळीत सेंट्रिफ्यूजनंतर वर चरबीचा थर येतो, तो टाळून खालचं स्वच्छ घ्या आणि प्रत्येक सॅम्पलचा वेगळा ब्लँक (रिॲक्शन न झालेली, तुलनेची ट्यूब) लावा, गढूळपणा पण रीडिंग देतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रोटीनने. ॲक्टिव्हिटी आपण प्रति मिलिग्रॅम प्रोटीन काढतो ना, पण पावसाआधी लिव्हरमध्ये तयार झालेलं व्हायटेलोजेनिन हे प्रोटीन रक्तातून अंडाशयात येतं आणि बलक म्हणून साठतं, म्हणजे भागाकारात खालची संख्याच फुगते आणि एन्झाइम तेवढंच असलं तरी आकडा पडतो. मी दोन महिने एन्झाइम घटलं असं धरून चालले होते! ग्रॅम टिश्यूमागे काढल्यावर ग्राफच बदलला. थीसिसमध्ये दोन्ही आकडे द्या.

आणि अंडी घालून झाल्यावरचं ते सैल, लालसर, रिकामं अंडाशय कुणी फेकू नका. सगळे भरलेल्या गाभोळीमागे धावतात, पण आत राहून गेलेली अंडी मासा परत शोषून घेतो ते तेव्हाच, तिथे लायसोसोम (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्या) कामाला लागतात आणि ॲसिड फॉस्फटेज हे लायसोसोमचंच एन्झाइम. मला सगळ्यात गडद पिवळ्या ट्यूबा मिळाल्या त्या सप्टेंबरच्या, मावशींनी "हिच्यात काही नाही गं" म्हणून बाजूला टाकलेल्या मरळींच्या.