मुंबईत कामासाठी छोट्या बुटीक हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

कुलाबा, फोर्ट, वांद्रे, खार या भागांत जुन्या इमारतींमधली दहा-पंधरा खोल्यांची छोटी हॉटेलं आता कामासाठी येणाऱ्यांनाही खुणावू लागली आहेत. उंच छत, जुन्या नक्षीदार फरश्या आणि दुसऱ्या दिवशीपासून नावानं हाक मारणारा माणूस. दिवसभर बैठका करून शिणलेल्या माणसाला अशी जागा फार बरी वाटते. म्हणूनच नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून कामासाठी येणाऱ्यांनी तिथे जरूर उतरावं, असं मी सांगेन.

अडचण येते ती मोठ्या हॉटेलांची सवय घेऊन गेल्यावर. तिथे न सांगता मिळणाऱ्या गोष्टी इथे आधी सांगून ठेवाव्या लागतात. सांगितल्या तर बहुतेक वेळा मिळतातही, कारण फोन उचलणारा माणूसच निर्णय घेणारा असतो. खाली दिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका एका फोननं टळतात. फोन मात्र अ‍ॅपच्या कॉल सेंटरला नाही, थेट हॉटेलला करायचा.

फोटो बघून हॉटेल ठरवणं, बैठकीचा पत्ता नंतर बघणं

मुंबईत उतरायची जागा बैठकीच्या पत्त्यावरून ठरवावी. पवईला काम असताना कुलाब्यात राहिलात, तर दिवसातले दोन-तीन तास रस्त्यातच जातील. पण नकाशावरच्या अंतरावरही जाऊ नका. वांद्रे पश्चिमेतून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हाकेच्या अंतरावर दिसतं, आणि संध्याकाळी कलानगरच्या आसपास गाडी हलता हलत नाही. उलट फोर्टमधून बीकेसीला जाणं आता सोपं झालंय. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग हुतात्मा चौक, सीएसएमटी, दादर, बीकेसी, दोन्ही विमानतळ टर्मिनल आणि अंधेरीचं सीप्झ यांना एकाच गाडीनं जोडतो. अंधेरीच्या एमआयडीसीत काम असणाऱ्यांनाही दक्षिण मुंबईत राहणं त्यामुळे परवडू लागलंय. हॉटेल निवडताना जवळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो, हे आधी बघा.

बाहेरगावच्या माणसाच्या हमखास लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे रिक्षा. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात येत नाही. खारच्या हॉटेलातून वरळीला निघालात तर टॅक्सीच करावी लागेल. पावसाळ्यात आणखी एक काम करा. महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, ती यादी बघून ठेवा. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की हिंदमाता आणि अंधेरी सबवेसारख्या सखल जागी पाणी कसं तुंबतं, ते बातम्यांत दिसतंच. अशा दिवशी सकाळची बैठक असेल, तर चालत जाता येईल असंच हॉटेल घ्या.

पहाटे पोहोचायचं आणि चेक-इनची वेळच न विचारणं

रात्रीच्या गाडीनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, अंघोळ करून साडेदहाच्या बैठकीला जायचं, असा आपल्याकडचा सरळ हिशोब असतो. हॉटेलचं चेक-इन मात्र दुपारी एक-दोनला असतं. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात एखादी रिकामी सापडते. बारा खोल्यांच्या हॉटेलात सगळ्यांत माणसं झोपलेली असतात, तिथे मॅनेजर तरी काय करणार?

बैठक महत्त्वाची असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या. पण मग फोन करून स्पष्ट सांगा, 'बुकिंग आजच्या रात्रीचं आहे, मी पहाटे सहाला पोहोचतोय, खोली सोडू नका.' हे सांगितलं नाही तर रात्री बारानंतर तुम्हाला 'नो-शो', म्हणजे न आलेला पाहुणा, धरलं जाऊ शकतं आणि कधी कधी पुढचं सगळं बुकिंगच रद्द होतं. एका रात्रीचे पैसे वाचवायचे असतील तर बॅग ठेवायची आणि अंघोळीची सोय विचारा. छोट्या हॉटेलांत स्टाफची किंवा गच्चीवरची एखादी बाथरूम अशा वेळी आनंदानं उघडून देतात. तेही जमत नसेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम आहे, आणि मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१पासून पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं हॉटेल, आहे.

रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांनी रात्रपाळीच्या माणसाचा मोबाइल नंबर घेऊन ठेवावा. अकरानंतर इमारतीचा मुख्य दरवाजा बंद होतो आणि डेस्कवर एकटाच माणूस असतो.

ओळखपत्र 'कुठलंही चालेल' असं धरून चालणं

पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट सोबत ठेवा. आधारची प्रत द्यायचीच झाली तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण आधार पाठवून मोकळं होऊ नका.

ठाण्याचा किंवा मुंबईचाच पत्ता असलेल्यांनी बुकिंगआधी 'लोकल आयडी चालेल का?' हे नक्की विचारावं. काही हॉटेलं स्थानिक पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत, आणि हे कळतं ते रात्री नऊ वाजता काउंटरवर. परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. परदेशी नागरिक उतरला की हॉटेलला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा, 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा अर्ज भरावा लागतो. ज्या हॉटेलात ती सोय नाही, ते दारातूनच परत पाठवतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असलं तरी हे आधी विचारून घ्या.

खोली कुठली आहे हे न विचारणं

मोठ्या हॉटेलात सगळ्या खोल्या सारख्याच असतात, इथे प्रत्येक खोली वेगळी. एकीला रस्त्यावरची बाल्कनी, दुसरीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद जागेत, उघडणारी, तिसरीच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. अ‍ॅपवर स्वस्त दिसणारी खोली अनेकदा बिनखिडकीची निघते. त्यामुळे फोनवर चार गोष्टी विचारा. खिडकी कुठे उघडते? खोलीच्या खाली आणि शेजारी काय आहे? लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का? लिहायला टेबल-खुर्ची आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग रात्री पलंगावर बसून सादरीकरण तयार करताना पाठ धरते. फोटोत दिसणारं गोल टेबल चहाचा कप ठेवण्यापुरतं असतं. लॅपटॉप आणि कागद त्यावर एकत्र मावत नाहीत.

आवाजाचा प्रश्न जुन्या इमारतींत जास्त असतो. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्या भागात आणि वारसा यादीतल्या इतर इमारतींतही दर्शनी भाग मनासारखा बदलता येत नाही. जुनी लाकडी तावदानं काढून जाड दुहेरी काच बसवणं मालकाच्या हातात नसतं, म्हणून रस्त्याकडच्या खोलीत हॉर्न ऐकू येणारच. ध्वनिक्षेपकांना रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असली, तरी सणांच्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं. गणपतीच्या दिवसांत कामासाठी येत असाल तर मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. आणि त्रास झाला तर त्याच रात्री सांगा. सकाळी निघताना तक्रार करून तुमची झोप परत येत नाही आणि त्यांनाही काही करता येत नाही.

खोलीत बॅग ठेवली की पुढची दोन मिनिटं जिन्यासाठी द्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे दिल्लीत करोलबागेतल्या एका हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली. २९ एप्रिल २०२५ला कोलकात्यातल्या बडाबाजार भागातल्या हॉटेलात १४ जण गेले. त्यांतले बरेचसे धुरानं गुदमरून गेले. जुन्या इमारतीत जिना बहुधा एकच असतो, आणि तोही लाकडी. दुसरा मार्ग आहे का, त्याच्या दाराला रात्री कुलूप लावतात का, खिडकीचे गज उघडतात का, हे विचारण्यात संकोच करू नका. दुसरं दार सामानाच्या खोक्यांनी अडलेलं दिसलं तर मॅनेजरला तिथे नेऊन दाखवा. ऐकलं नाही तर हॉटेल बदला.

वाय-फाय आहे म्हणजे व्हिडिओ कॉल होईल, असं समजणं

दगडी भिंती दीड-दोन फूट जाड असतात आणि राउटर बहुधा रिसेप्शनजवळ. फोनवर पाच कांड्या दिसल्या तरी खोलीच्या कोपऱ्यात कॉल अडकतो. कॉल दहाला असेल तर आदल्या संध्याकाळीच टेबलाशी बसून एक चाचणी कॉल करून बघा.

लॉगिनचं पान उघडतच नसेल, तर आधी ऑफिसचं व्हीपीएन बंद करा आणि फोनच्या नेटवर्क सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस'ही. तरीही नाही उघडलं तर नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा. ही दोन कामं केली की बहुतेक वेळा पान येतं, आणि लॉगिन झाल्यावर व्हीपीएन पुन्हा सुरू करता येतं. नेट जोडलंय पण कॉल तुटतोय, अशी स्थिती असेल तर नेटवर्कच्या यादीत '५जी' शेपूट असलेलं नाव सोडून साधं नाव निवडा. त्या शेपटीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. ती पाच गिगाहर्ट्‌झची लहर असते, वेगवान पण जाड भिंतीत लवकर मरणारी. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर हळू असली तरी भिंतीपलीकडे पोहोचते. ओटीपीवर चालणारं वाय-फाय परदेशी नंबर असलेल्यांना त्रास देतं, तेव्हा डेस्कवरून पासवर्ड मागून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही तर लॉबीत बसून गोपनीय बोलणी करू नका. छोट्या लॉबीत प्रत्येक शब्द ऐकू जातो. दोन तासांसाठी जवळच्या को-वर्किंग जागेत खोली घेणं शहाणपणाचं. ग्राहकाला भेटायचं असेल तरी तेच करा, कारण पाहुण्यांना खोलीत नेणं अनेक छोट्या हॉटेलांत चालत नाही.

गीझर, इस्त्री आणि चार्जिंग शेवटच्या क्षणाला

'पाणी तापतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा गीझरच्या प्रकारावरून होते. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर असेल तर त्याला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. छोट्या बाथरूममध्ये बरेचदा तीन लिटरचा इन्स्टंट गीझर बसवलेला असतो. त्याचा नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं. धार बारीक ठेवून बादली भरू द्या, पाणी कडक मिळेल. बटण कित्येकदा बाथरूमच्या बाहेर, दाराआड असतं, तेही बघा.

वाफेची इस्त्री किंवा किटली छोट्या सॉकेटला लावू नका. सहा अँपिअरचं सॉकेट तेराशे-चौदाशे वॉटच्या वर झेपवत नाही, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो आणि कधी शेजारच्या खोलीचीही वीज जाते. मोठ्या पिनेचा पॉवर पॉइंट शोधा, नाहीतर शर्ट रात्रीच खाली इस्त्रीला द्या. दाराशेजारच्या खाचेत कार्ड ठेवल्यावरच वीज चालू होत असेल, तर कार्ड काढून जेवायला गेल्यावर चार्जिंगही थांबतं. फ्रिजच्या सॉकेटची वीज बहुधा चालू राहते, लॅपटॉप तिथे लावा.

पावसाळ्यात शर्ट खोलीत वाळत नाहीत आणि छोट्या हॉटेलांचं धुणं बाहेर जातं, रविवारी तर परतही येत नाही. एक शर्ट जास्तीचा आणा. नाश्ता साडेआठला सुरू होणार असेल तर रात्रीच पार्सल सांगून ठेवा. फोर्टात किंवा धोबीतलावाजवळ असाल तर इराण्याकडे जा. १९०४ सालचं क्यानी तिथेच आहे, बन-मस्का आणि चहावर सकाळ निभते.

बिल घाईत घेणं

पहाटेच्या विमानाच्या वेळी रात्रपाळीच्या माणसाला बिलात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून आदल्या रात्री हिशोब पूर्ण करा. बिलावर कंपनीचं नाव जीएसटी प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर खोलीचं बिल हॉटेल देतं आणि अ‍ॅपच्या शुल्काचं बिल अ‍ॅप देतं. हिशोबासाठी दोन्ही मागा.

बेळगाव किंवा पणजीच्या कंपन्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हॉटेलच्या बाबतीत कर जिथे इमारत उभी आहे त्या राज्याचा लागतो. मुंबईतल्या मुक्कामावर महाराष्ट्राचा जीएसटी लागतो, आणि ज्या कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात किंवा गोव्यात आहे तिला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. क्रमांक २७नं सुरू होत असेल, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली असेल, तरच ते घेता येतं. खर्चाचा अंदाज बांधताना ती रक्कम परत मिळणार असं धरू नका.

जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. जुलै २०२२च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार ते सक्तीचं नाही. बिलाची पीडीएफ ई-मेलवर आली की नाही, हे काउंटरवरून हलण्याआधीच बघा.