व्याजाच्या वहीतली बेरीज

आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे असते. गटातल्या एका ताईंनी बाहेरून १२,००० रुपये उचलले होते. महिना २ टक्के, बारा हप्ते. देणाऱ्याने दरमहा २४० धरून २,८८० रुपये व्याज सांगितलं आणि ताईंनी ते निमूट भरलं. दर महिन्याला हजार रुपये मुद्दल परत जात होतं, तरी व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवरच. तेव्हापासून गटातल्या प्रत्येकीला मी ही बेरीज हाताने करायला लावते.

आमच्याकडे व्याज शिल्लक मुद्दलावरच लागतं. पहिल्या महिन्याला १२,००० वर २४०, मग ११,००० वर २२०, मग २००, असं उतरत शेवटच्या हजारावर २०. दरवेळी २० रुपयांनीच कमी, म्हणून ही अंकगणिती श्रेढी. बारा आकडे एकाखाली एक मांडायची गरज नाही. पहिला आणि शेवटचा मिळवा: २४० अधिक २०, म्हणजे २६०. दुसरा आणि शेवटून दुसरा: २२० अधिक ४०, पुन्हा २६०. वरून जेवढं कमी होतं तेवढंच खालून वाढतं, म्हणून प्रत्येक जोडी सारखी. बारा आकड्यांच्या सहा जोड्या, सहा गुणिले २६०, एकूण १,५६०. ताईंनी १,३२० रुपये जास्त भरले होते.

आकड्यांची संख्या विषम असली की मधला एकटा उरतो. तेव्हा जोडीचं निम्मं करायचं, म्हणजे सरासरी, आणि तिला पदांच्या, म्हणजे ओळीतल्या आकड्यांच्या, संख्येने गुणायचं. ही रीत सम-विषम दोन्हीला चालते: १३० गुणिले १२, तेच १,५६०. भास्कराचार्यांनी लीलावतीत या सरासरीला मध्यधन आणि बेरजेला सर्वधन म्हटलंय. मला ही नावं फार आवडतात, कारण मधलं धन हाती आलं की काम झालंच.

चूक होते ती पदं मोजताना. २४० मधून २० गेले, २२० उरले, भागिले २० केलं की ११ येतात. पण ही झाली मधली अंतरं. पदं त्याहून एक जास्त. पाच तारखेपासून दहा तारखेपर्यंत दिवस किती? पाच नाही, सहा. भागाकारानंतर एक मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गुणाकाराने वाढणाऱ्या रकमांना, म्हणजे भूमितीय श्रेढीला, मध्यधन लावू नका, तिथे जोड्या सारख्या येत नाहीत. लीलावतीतच एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देत राहतो. बेरीज दोन ओळींत मांडा. वर २, ४, ८ अशी तीस पदं. खाली तीच ओळ दुप्पट करून: ४, ८, १६ आणि पुढे. खालच्यातून वरची वजा केली की मधलं सगळं उडतं. उरतं एकतिसावं पद वजा पहिलं: २,१४,७४,८३,६४८ वजा २. दुपटीतून एकपट गेली, म्हणून हीच बेरीज. तिप्पट असती तर बेरजेची दुप्पट उरली असती आणि दोनाने भागावं लागलं असतं. थोडक्यात, शेवटच्याच्या पुढचं पद वजा पहिलं, भागिले गुणोत्तर (दरवेळी ज्याने गुणतो तो आकडा) वजा एक.

आता बचत. दर महिन्याच्या सुरुवातीला ५००, महिना १ टक्का चक्रवाढ. वर्षअखेर शेवटच्या हप्त्याचे ५०५ झालेले असतात, त्याच्या आधीच्याचे ५१०.०५, आणि असं मागे जात पहिल्या हप्त्याचे ५६३.४१२५. गुणोत्तर १.०१. पुढचं पद ५६९.०४६६. त्यातून ५०५ गेले, ६४.०४६६ उरले. ०.०१ ने भागायचं म्हणजे शंभराने गुणायचं: ६,४०४.६६ रुपये.

इथे पैसे आधीच पूर्णांकात आणू नका. ५६९.०४६६ चे ५६९ लिहिलेत तर ती छोटी चूकही शंभरपट होते आणि वहीत ६,४०० येतात. चार दशांश स्थळं शेवटपर्यंत ठेवा, पैसे पूर्ण करायचे ते अगदी शेवटच्या ओळीत.